शिट्टी कोणाच्या हातात?

 

आज आम्ही खेळाविषयी बोलणार आहोत. पण खेळणाऱ्यांविषयी नाही, तर शिट्टी वाजवणाऱ्यांविषयी, म्हणजे पंचांविषयी. आणि हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी ८ मार्चला आमच्या बचत गटांनी मिळून शाळेच्या मैदानावर बायकांची कबड्डी ठेवली होती. बिबट्याच्या भीतीने सगळ्यांना दिवसाउजेडी घरी पोचायचं असतं, म्हणून दुपारीच सुरुवात केली. दरवेळी पंच म्हणून शाळेतले सर असतात. या वेळी आम्ही ठरवलं, पंचही बाईच असेल. आमच्या गटातली एक सूनबाई माहेरी असताना शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेली. तिच्या गळ्यात शिट्टी घातली.

शेवटचा सामना तिच्याच वस्तीचा आणि शेजारच्या मळ्याचा. गुण बरोबरीत. शेवटची चढाई तिच्या चुलत जावेची. जाऊबाईंनी गडी मारला, पण परत येताना मध्यरेषेला हात लागायच्या आधीच त्यांचा दम तुटला. लांबून ते कोणाला कळलं नाही. पंच जवळ उभी होती, तिला ऐकू आलं. तिने शिट्टी वाजवली, जाऊबाई बाद. तिची स्वतःची वस्ती हरली.

पुढचे आठ दिवस तिच्याशी घरात कोणी धड बोललं नाही. "आपलीच असून आपल्यावर उलटली," असं नळावरसुद्धा ऐकावं लागलं. या वर्षी पुन्हा सामने ठेवायचे म्हटल्यावर ती म्हणाली, "ताई, मी स्वयंपाकाचं बघते, पण शिट्टी नको."

आम्ही तिला भित्री म्हणणार नाही. तिचा निकाल बरोबर होता, तरी तिलाच शिक्षा झाली. म्हणून आम्ही शोध घेतला की जगात ज्या बायकांनी ही शिट्टी हातात घेतली, त्यांना काय सोसावं लागलं, त्या टिकल्या कशा आणि त्यांच्या पाठीशी काय होतं. तीच गोष्ट आज सांगतो.

पंच हा आपला जुना शब्द. पाच जाणती माणसं बसून न्याय करत, म्हणून ते पंच. 'पंचांमुखी परमेश्वर' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण पारावर बसलेल्या त्या पाचांत बाई कधी पाहिली का? न्याय मागायला बाई यायची, न्याय द्यायला नाही. कायद्याने ग्रामपंचायतीत जागा राखीव झाल्या तेव्हा कुठे बायका त्या खुर्चीवर बसल्या. आणि बसल्यावरही सही तिची अन् शब्द तिच्या मालकांचा, असं बऱ्याच ठिकाणी चाललं, ते आपण पाहिलंय. खेळाच्या मैदानावरही थोडंफार तसंच घडलं.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. बास्केटबॉल हा खेळ तिथला. मुलींच्या शाळेत तुम्ही पाहिला असेल. दहा फुटांवर लोखंडी कडं, त्याला जाळी आणि त्यात चेंडू टाकायचा. १८९१ साली स्प्रिंगफिल्ड नावाच्या गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर थंडी, पोरं वर्गात दंगा करतात, म्हणून आत खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या भिंतीला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. त्या १३ नियमांत दोन पंचांची कामं स्वतंत्र सांगितली होती. एकाने चेंडूवर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने माणसांवर. कोण कोणाला ढकलतो, कोण धरतो, हे बघणारा पंच निराळा. म्हणजे खेळ जन्मला तोच पंचासकट.

थोड्याच काळात, १८९३ साली, स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींचा सामना भरवला. बायकांना फार पळणं झेपत नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून तिने मैदानाचे भाग पाडून मुलींसाठी वेगळे नियम बनवले. सामना बघायला पुरुषांना मज्जाव होता. बायकांच्या खेळाचे नियम बाईने लिहिले, ही गोष्ट इतकी जुनी आहे. पण पुरुषांच्या खेळात बाईने निकाल द्यायचा, तर त्यासाठी पुढे शंभरावर वर्षं जावी लागली.

ते काम केलं व्हायोलेट पामर हिने. १९६४ सालचा तिचा जन्म. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन या कष्टकरी वस्तीत वाढलेली काळी मुलगी. ती स्वतः चांगली खेळाडू होती. तिच्या कॉलेजच्या संघाने १९८५ आणि १९८६ अशी दोन वर्षं आपल्या गटातलं देशपातळीवरचं विजेतेपद मिळवलं. खेळायचे दिवस संपल्यावर तिने शिट्टी धरली. आधी छोटे सामने, मग कॉलेजच्या मुलींचे सामने, मग त्यांचे अंतिम सामने. एकेक पायरी चढत ती वर आली.

अमेरिकेत एनबीए ही पुरुषांची सगळ्यांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. पगारी खेळाडू, पगारी पंच. तिथे १९९७ साली दोन बायका पंच म्हणून नेमल्या, व्हायोलेट पामर आणि डी कँटनर. ३१ ऑक्टोबर १९९७ ला व्हायोलेट पहिल्यांदा त्या मैदानात उतरली. साडेसहा फूट उंचीचे पुरुष आणि त्यांच्यामधून पळत, त्यांच्या अंगावर शिट्टी वाजवणारी ही बाई. नामांकित खेळाडू उघड म्हणाले की हे बायकांचं काम नाही.

दहा वर्षं काम केल्यावरही बोलणारे थांबले नव्हते. २००७ साली एका सामन्याचं रेडिओवर वर्णन चालू होतं. तिने दिलेला एक निकाल समालोचकाला पटला नाही, तेव्हा तो चालू कार्यक्रमात म्हणाला, तिने स्वयंपाकघरात परत जावं आणि आपल्यासाठी अंडी करावीत. मैत्रिणींनो, अमेरिकेत, लाखो लोक ऐकताहेत, आणि तरी वाक्य तेच जे आपल्याकडे ग्रामसभेत ऐकू येतं! फरक एवढाच की नंतर त्याला त्याच रेडिओवर माफी मागावी लागली.

व्हायोलेट मात्र शिट्टी वाजवत राहिली. २००६ साली एनबीएच्या बाद फेरीत पंच होणारी ती पहिली बाई ठरली. २०१६ मध्ये गुडघ्याने साथ सोडली तेव्हा ती थांबली. तोपर्यंत तिच्या नावावर ९१९ सामने होते.

एवढं ऐकून वाटेल की आता वाट मोकळी झाली. तसं झालं नाही. तिच्याबरोबर लागलेल्या डी कँटनरला २००२ मध्ये काढलं. पूर्ण वेळ नेमलेली तिसरी बाई, लॉरेन होल्टकॅम्प, यायला २०१४ साल उजाडलं. म्हणजे पहिल्या दोघींनंतर १७ वर्षं. एक बाई आत गेली की दार आपोआप उघडं राहत नाही. मागून येणारीला कोणीतरी तयार करावं लागतं.

आपल्याकडेही या खेळात बायका पंच आहेत. आपल्या पुण्याच्या स्नेहल बेंडके यांनी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या पंच म्हणून मान्यता मिळवली. पण आपल्या घराघरांत बघितला जातो तो क्रिकेटचा खेळ, म्हणून आता मुंबईच्या वृंदा राठी यांची गोष्ट ऐका.

वृंदाताई मुंबई विद्यापीठाच्या संघातून खेळायच्या, मध्यमगती गोलंदाज होत्या. पुढे त्या गुणलेखक झाल्या. गुणलेखक म्हणजे प्रत्येक चेंडूची नोंद वहीत करणारी व्यक्ती. आपल्या गटात हिशेबाची वही लिहिणारी जशी सचिव, तसंच. एक चेंडू चुकला की पुढचा सगळा ताळा चुकतो. २०१० मध्ये त्यांनी क्रिकेट मंडळाची गुणलेखकाची परीक्षा दिली आणि त्या पास झाल्या.

२०१३ साली महिलांचा विश्वचषक मुंबईत होता. वृंदाताई तिथे गुणलेखनाचं काम करत होत्या. तिथे त्यांनी न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस यांना पंच म्हणून उभं राहिलेलं पाहिलं. बाईसुद्धा हे करू शकते, हे पुस्तकातून कळलं नाही, समोर पाहून कळलं. त्यांनी पंचांच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. आधी राज्याची परीक्षा, मग मंडळाची. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांना आणि चेन्नईच्या जननी नारायणन यांना आपल्या पंचांच्या यादीत घेतलं. या जननीताई सॉफ्टवेअरच्या नोकरीत होत्या. पंच व्हायचंय म्हणून आपल्या राज्याच्या संघटनेकडे पुन्हा पुन्हा विचारणा करत राहिल्या, आणि पुढे ती चांगली नोकरीही सोडली. तिसऱ्या दिल्लीच्या गायत्री वेणुगोपालन. खांद्याच्या दुखापतीने त्यांचं खेळणं थांबलं, तेव्हा त्या पंचगिरीकडे वळल्या.

आपल्या देशातली पुरुषांची मोठी स्पर्धा म्हणजे रणजी करंडक. ती १९३४-३५ पासून चालू आहे. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल ८८ वर्षांनी, या तिघी पहिल्यांदा रणजीच्या मैदानात पंच म्हणून उभ्या राहिल्या. रणजीचा साखळी सामना चार दिवस चालतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभं राहायचं. एका हाताने चेंडू मोजायचे. गोलंदाजाचा पाय रेषेच्या पुढे पडला का ते बघायचं आणि लगेच नजर समोर न्यायची. चेंडू बॅटला लागल्याचा बारीक आवाज कानाने टिपायचा. मग अकरा जण एकदम ओरडले तरी घाई करायची नाही, आणि बोट वर केलं की डगमगायचं नाही. कबड्डीत आपल्या सूनबाईने दम तुटलेला ऐकला, तेच हे काम.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वृंदाताई मुंबईच्या, पण त्यांचा तो सामना होता गोव्यात, पर्वरीला, गोवा आणि पुदुच्चेरी या संघांचा. जननीताई तामिळनाडूच्या. त्यांना सुरतेला रेल्वे आणि त्रिपुरा यांचा सामना दिला. गायत्रीताई दिल्लीच्या. त्यांना जमशेदपूरला झारखंड आणि छत्तीसगड यांचा. तिघींपैकी एकीलाही आपल्या राज्याच्या संघाचा सामना दिला नव्हता. तिथे ना सासर ना माहेर.

ही शहाणपणाची रीत क्रिकेटलाही उशिरा सुचली. पूर्वी देशादेशांच्या कसोटी सामन्यात पंच यजमान देशाचेच असत. मग पाहुणे म्हणायचे, तुमच्या पंचाने तुम्हाला जिंकवलं. भांडणं व्हायची. १९८६ साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांचा सामना लाहोरला होता. तेव्हा कोणी बोट दाखवायला नको म्हणून पाकिस्तानने पंच बोलावले भारतातून, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. १९९४ पासून कसोटीत एक पंच तिसऱ्या देशाचा ठेवायचा नियम झाला आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे आले. ते मोठमोठे अनुभवी पंच, पुरुष, पगारी. त्यांनासुद्धा आपल्या माणसांच्या सामन्यात निकाल देणं जड जात होतं, आणि दिला तर लोक संशय घेत होते. मग आम्ही आमच्या सूनबाईला तिच्याच वस्तीच्या अंतिम सामन्यात, तिच्याच जावेसमोर उभं केलं, ही चूक कोणाची? तिची नाही. आमची, सामने ठरवणाऱ्यांची.

या तिघींच्या मागून आणखी बदल झाले. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पंच आणि सामनाधिकारी सगळ्या बायका होत्या. वृंदाताई आणि जननीताई त्यांत होत्या. २०२५ चा एकदिवसीय विश्वचषक आपल्या देशात आणि श्रीलंकेत झाला. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुली जिंकल्या, ते आपण सगळ्यांनी रात्री जागून पाहिलं. त्या स्पर्धेत १४ पंच आणि ४ सामनाधिकारी होत्या. अठराच्या अठरा बायका! वृंदाताई, जननीताई, गायत्रीताई तिघीही त्यांत होत्या, आणि सामनाधिकारी म्हणून आपल्या देशाच्या जी. एस. लक्ष्मी होत्या. लक्ष्मीताई २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेच्या यादीतल्या पहिल्या महिला सामनाधिकारी झाल्या. आपण स्मृती, जेमिमा, हरमनप्रीत यांना ओळखतो. पण त्या पांढरी टोपी घातलेल्या पंचांकडे किती जणींनी लक्ष दिलं?

काही जणी विचारतील, पंच चुकला तर? चुकतो की. माणूसच आहे. क्रिकेटच्या नियमातच लिहिलंय की पंचाला आपला निकाल बदलता येतो, फक्त तो लगेच बदलायला हवा. चूक कळली की तिथल्या तिथे सांगायची, त्यात कमीपणा नाही. पण कोणी डोळे वटारले, नातं काढलं, म्हणून बदलायचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर पोलोसाक पंचांच्या परीक्षेत सुरुवातीला नापास झाल्या होत्या. त्या स्वतः कधी क्रिकेट खेळल्याही नव्हत्या. तरी नियमांचं पुस्तक पाठ करून २०१९ मध्ये पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात मैदानावर उभ्या राहणाऱ्या त्या पहिल्या महिला पंच झाल्या. म्हणजे हे काम शिकून येतं.

आता आपल्या घरची गोष्ट. मैदानातली शिट्टी वर्षातून एकदा वाजते. पण निकाल द्यायची वेळ आपल्यावर दर महिन्याला येते. गटाच्या बैठकीत हप्ता थकला, दंड लावायचा, आणि थकवणारी निघते आपली नणंद. अध्यक्ष खाली मान घालते, सचिव वही मिटते, आणि "जाऊ द्या, पुढच्या महिन्यात बघू" असं होतं. त्यात नणंदेचं भलं होत नाही, आणि जी बाई मजुरीचे पैसे वेळेवर भरते, तिच्यावर मात्र अन्याय होतो. नियम सगळ्यांसाठी सारखा आहे असं तिला पुन्हा वाटत नाही, आणि मग गट मोडतो. गट मोडतात ते पैशापायी कमी आणि न दिलेल्या निकालापायी जास्त, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

म्हणून या वर्षी आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. पहिली, सामन्याआधी मैदानावर सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवायचे. खेळणाऱ्यांना, बघणाऱ्यांना आणि सासूबाईंनासुद्धा. दम तुटला की बाद, हे आधीच सगळ्यांच्या कानावर असलं की नंतर पंचाशी वाद राहत नाही. दुसरी, पंच अदलाबदल. आंबेगावच्या गटांच्या सामन्याला जुन्नरची बाई पंच, आणि जुन्नरच्या सामन्याला आंबेगावची. घोडेगावची बाई ओतूरला, नारायणगावची मंचरला. गटाच्या तंट्यातही असंच करता येईल. अवघड निकाल असेल तर शेजारच्या गटाच्या दोघी बोलवायच्या आणि वही त्यांच्यासमोर ठेवायची. तिसरी, पंच एकटी नको. नायस्मिथने पहिल्याच दिवशी दोन पंच सांगितले होते, आपणही दोघी ठेवू. एक चढाईकडे बघेल, एक रेषेकडे.

आणि तुमच्या घरात कबड्डी, खो-खो खेळलेली लेक किंवा सून असेल, तर एवढं लक्षात ठेवा. या खेळांच्या संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. नियमांचा लेखी पेपर असतो आणि मैदानावर शिट्टी वाजवून दाखवावी लागते. पास झालं की आधी शाळांचे, मग तालुक्याचे, जिल्ह्याचे सामने मिळतात. वर जाईल तसं मानधनही वाढतं. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना विचारा, ते वाट दाखवतील. लग्न झालं म्हणजे खेळ संपला असं आपण मुलींना सांगतो. वृंदाताई आणि व्हायोलेट पामर यांचं मोठं काम तर खेळणं थांबल्यावरच सुरू झालं.

आमच्या सूनबाईकडे आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. ही सगळी हकिगत तिला सांगितली. जाऊबाईही तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग जाऊबाई म्हणाल्या, "दम तुटला होता खरा माझा." एवढंच म्हणाल्या आणि लसूण घेऊन आत गेल्या.

सूनबाईने अजून हो म्हटलेलं नाही. पण जुन्नरच्या बाजूचा सामना कुठे आहे आणि तिथून दिवस मावळायच्या आत परत यायला गाडी मिळेल का, एवढं तिने विचारलंय. शिट्टी आम्ही तिच्याच घरी ठेवून आलोय.